इंग्रजीतला ‘हँड’ : शब्द एक, अर्थ अनेक

शाळेत मुले इंग्रजी शब्द पाठ करतात, हँड म्हणजे हात. उत्तर बरोबर आहे. पण एका शब्दाला एकच अर्थ, एवढ्यावर मूल थांबले की पुढे नोकरीच्या अर्जात आणि परीक्षेत अडते. म्हणून पालकांनी हा एक शब्द मुलांबरोबर बसून समजून घ्यावा.

घड्याळाचा काटा म्हणजे हँड. पत्ते वाटल्यावर आपल्या वाट्याला येतात ती पानेही हँड. इंग्रज लोक घोड्याची उंची हँडमध्ये मोजतात, एक हँड म्हणजे चार इंच. सभेत ‘बिग हँड’ द्या म्हटले तर टाळ्या वाजवायच्या. सेकंडहँड सायकल म्हणजे एकाने वापरून दुसऱ्याकडे आलेली.

कचेरीत हाच शब्द वेगळे बोलतो. तेथे हँड म्हणजे अक्षर आणि सहीसुद्धा. शॉर्टहँड म्हणजे थोडक्यात लिहिण्याची लिपी. आयझॅक पिटमन यांनी आपली पद्धत १८३७ साली प्रसिद्ध केली आणि पुढे तिच्या जोरावर असंख्य मुलामुलींना नोकऱ्या मिळाल्या. दाखल्यावर ‘अंडर माय हँड’ असे असेल तर ‘माझ्या सहीनिशी’ असे समजावे. हिशेबात ‘कॅश इन हँड’ म्हणजे जवळची रोख शिल्लक. तिला नफा समजू नये.

हँडिकॅप या शब्दातही हँड आहे. टोपी हातात घेऊन भीक मागण्यावरून तो आला, असे काही लोक सांगतात. ते चूक आहे. वस्तूंच्या अदलाबदलीचा एक जुना इंग्रजी खेळ होता. त्यात पैज लावताना टोपीत हात घालीत, त्यावरून हा शब्द निघाला. पुढे तो घोड्यांच्या शर्यतीत गेला आणि अपंगत्वासाठी वापरला जाऊ लागला तो विसाव्या शतकात. तेव्हा या शब्दाचा भिकेशी काही संबंध नाही.

आता आपल्या घरांशी सर्वांत जवळचा अर्थ पाहू. हँड म्हणजे कामगार. इंग्लंडमध्ये गिरण्या वाढल्या तेव्हा मालक किती माणसे कामावर आहेत असे न म्हणता किती हँड्स आहेत असे म्हणू लागले. चार्ल्स डिकन्स यांनी १८५४ च्या ‘हार्ड टाइम्स’ कादंबरीत या बोलण्यावर चांगलेच कोरडे ओढले आहेत. दोनच वर्षांनी, १८५६ साली, मुंबईत ताडदेवला पहिली सूतगिरणी चालू झाली आणि ‘मिल हँड’ हा शब्द इकडेही रुजला.

हात तेवढे हवेत, माणूस नको, हे आपल्या वाडवडिलांनी दुहेरी भोगले. मुंबईच्या गिरण्यांत सूत काढायच्या खात्यात अस्पृश्यांचे हात चालत. पण जास्त पगाराच्या विणकाम खात्यात त्यांना मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्या तोंडाचा विटाळ इतर कामगारांना होत असे! १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला.

गंमत अशी, की ‘मॅनेजर’ हा शब्दही हातावरूनच आला आहे. लॅटिन भाषेत हाताला ‘मानुस’ म्हणतात. त्यावरून इटालियन भाषेत घोडा हाताळण्यासाठी एक शब्द झाला आणि त्यातून मॅनेज निघाला. ‘मॅन्युफॅक्चर’ म्हणजेही मुळात हाताने बनविणे. साहेब आणि कामगार, दोघांच्या नावाचा अर्थ शेवटी हातच! पण एकाला माणूस म्हणून मान मिळाला आणि दुसऱ्याचे नुसते हात मोजले गेले.

तेव्हा पालकांनो, मुलांना शब्दकोश घेऊन द्या. नवा शब्द दिसला की आधी सबंध वाक्य वाचायची सवय लावा. तो शब्द कोण, कोणासाठी वापरतो हेही विचारायला शिकवा. येत्या रविवारी ‘हेड’ हा शब्द घेऊन बसा. हेडमास्तर, हेडलाइट, हेडऑफिस एवढे तर घरातल्या लहानग्यालाही सांगता येईल. पुढचे अर्थ शब्दकोशात त्यालाच शोधू द्या.