मामा तलावातील पाणी, मासे आणि सारस

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या मोठ्या भागात धान हेच मुख्य पीक होय. पावसावर पऱ्हे टाकले जातात, रोवणी होते, बांध्या हिरव्यागार दिसू लागतात. परंतु धान निसवण्याच्या सुमारास पावसाने ओढ दिली, तर एका पाण्यावाचून हातचे पीक जाते. ते एक पाणी पिढ्यान्‌पिढ्या गावच्या तलावाने दिले आहे.

हे हजारो तलाव सरकारने खोदलेले नाहीत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या जाणत्या लोकांनी, जमिनीचा उतार नजरेने जोखून, टेकड्यांच्या पायथ्याशी मातीच्या पाळी घातल्या. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की खालचा तलाव भरावा, अशी त्यांची योजना असे. पुढे तलाव मालगुजारांकडे आले. त्या वेळचा हा प्रदेश मध्यप्रदेशात होता. तेथील 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव शासनाकडे गेले. तेव्हापासून ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात. मालगुजारी गेली हे योग्यच झाले. मात्र दरवर्षी पाळीवर माती टाकण्याची व पाट साफ करण्याची जी जबाबदारी तिच्याबरोबर होती, ती अनेक गावांत कोणाचीच उरली नाही.

तलाव म्हणजे केवळ पाणी साठविण्याचे भांडे, अशी समजूत आढळते. ती अपुरी आहे. पाळीजवळ पाणी खोल असते. वरच्या अंगाला ते उथळ होत जाऊन शेवटी दलदल व गवताळ काठ लागतो. या उथळ भागात देवधान, कमळ, शिंगाडा व पाण्याखालच्या वनस्पती वाढतात. मासे तेथे अंडी घालतात, पिले तेथेच लपतात व वाढतात. बदके व बगळे तेथेच चरतात. काठावरचे गवत वाहून येणारी माती अडविते, त्यामुळे तलाव सावकाश भरतो. म्हणून ज्याला वरवर पाहणारा ‘पडीक काठ’ म्हणतो, तोच भाग तलावाच्या दृष्टीने सर्वांत कामाचा असतो.

माशांचेच पाहावे. मरळ, शिंगी, मागूर हे येथील मूळचे मासे साचलेल्या पाण्यात किंवा पहिल्या पावसात बांध्यांत चढून प्रजनन करतात. त्यांचे बीज विकत आणावे लागत नाही. रोहू, कटला व मृगळ हे वाहत्या नदीतले मासे तलावात वाढतात, पण सहसा अंडी घालीत नाहीत. 1957 मध्ये ओडिशात हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाची सुई देऊन अशा माशांचे प्रजनन घडवून आणले. तेव्हापासून त्यांचे बीज सहज मिळू लागले, आणि त्यांचे उत्पन्नही चांगले आहे. तथापि केवळ तेच मासे सोडून भागत नाही. ज्या वर्षी बीज मिळाले नाही, त्या वर्षी ढीवराच्या जाळ्यात येतो तो मूळचाच मासा. पाणवनस्पती खाणारा गवत्या मासा फार संख्येने सोडल्यास तलावाचा तळ उघडा पडतो व इतर माशांचा आसरा जातो. परदेशी मागुराचे पालन तर शासनाने बंदच केले आहे. चढणीच्या दिवसांत सांडव्यावर जाळे लावून अंड्यांनी भरलेले मासे मारणे, म्हणजे पुढच्या वर्षीचे बियाणे शिजवून खाणे होय.

गाव वाढते, नवी वस्ती होते, रस्ता होतो. येथेच ग्रामसेवकाने जागरूक राहावयास हवे. पाणलोटातील रस्त्याला पुरेशा मोऱ्या न ठेवल्यास तलावाचा येवा तुटतो आणि पाऊस पडूनही तलाव अर्धा राहतो. सांडपाणी थेट तलावात सोडले की त्यातील खतामुळे जलकुंभी माजते. ती कुजताना पाण्यातील प्राणवायू वापरला जातो आणि पहाटे मासे वर येऊन मरू लागतात. सांडपाणी शोषखड्ड्यात किंवा परसबागेत मुरवावे. घरांचा राडारोडा काठावर टाकू देऊ नये, कारण आज राडारोडा पडला की उद्या तेथे कुंपण उभे राहते.

बेशरम ही झुडपे नुसती तोडून उपयोग नाही. ओल्या जमिनीत पडलेल्या फांदीलाही मुळे फुटतात. उन्हाळ्यात तलाव उतरल्यावर ती मुळासकट उपटून, वाळवून जाळावी. रिकाम्या झालेल्या जागी शेजारच्या चांगल्या तलावातील देवधान व इतर पाणवनस्पती आणून लावाव्यात. गोंदिया जिल्ह्यात ढीवर समाजातील मच्छीमारांनी व महिलांनी काही तलावांत हे काम स्वतः केले आहे.

गाळ काढण्याविषयी उत्साह पुष्कळ असतो, आणि तो गाळ शेतास उत्तमही असतो. पण यंत्र लावून चारही बाजूंचे काठ उभे कापले, तर पाणी थोडे वाढते व तलावाची उथळ कड कायमची जाते. गाळ मध्यभागातून, उतार राखून काढावा. पाळीच्या पायथ्यालगत खोदू नये, पाळ खचते.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच पक्षी. महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत, तोही फार थोड्या संख्येने, उरला आहे. पावसाळ्यात तो तलावाच्या उथळ काठी किंवा थेट धानाच्या बांधीत गवत-काड्यांचा ढीग रचून बहुधा दोन अंडी घालतो. त्यात शेतकऱ्याचे थोडे धान दबते, हे खरे आहे, आणि त्याची तक्रार अवाजवी नाही. घरटे दिसल्यास ते हलवू नये. वन विभागाच्या कर्मचाऱ्यास कळवावे, कुत्री व मुले दूर ठेवावीत, त्या बांधीत महिनाभर कीटकनाशक फवारू नये आणि बांधीतले पाणी एकदम सोडून देऊ नये. पाणी ओसरले की कोल्ह्याकुत्र्यांना घरट्यापर्यंत वाट मिळते. अंडी साधारण महिन्याभरात फुटतात. पिले एक-दोन दिवसांत घरटे सोडून आईबापांमागे चालू लागतात, आणि बांधी पुन्हा शेतकऱ्याच्या कामासाठी मोकळी होते.