पोर्ट उडाला, तरी मशीन नेटवर

जुन्या डेस्कटॉपच्या पाठीमागच्या लॅन पोर्टात एकदा टॉर्च मारून डोकावून पाहा. आठ सोनेरी तारा ओळीनं बसलेल्या दिसतील. आठ तारा म्हणजे चार जोड्या. १९९९ साली आलेल्या गिगाबिट मानकात यातली प्रत्येक जोडी सेकंदाला साडेबारा कोटी संकेत नेते, तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी! दोन्ही टोकं एकाच तारेवर एकदम बोलत असतात. ऐकू येणाऱ्या गोंगाटातून स्वतःचा आवाज वजा करून चिप समोरच्याचं बोलणं ओळखते. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो, आजही होतो.

अशी नाजूक करामत सोलापुरात कुठे कुठे राबते, पाहा. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल-चादरींच्या कारखान्यांतून जॅकार्डची डिझाइनं संगणकावर बनतात. डिझाइनचं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालत असेल, तर ते मशीन सहजासहजी टाकवत नाही. त्यात एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये केबल गेलेली असते. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की या लांब तांब्यात दाब उसळतो. पोर्टामागे चिमुकले ट्रान्सफॉर्मर असतात. बाहेरची तार मदरबोर्डाला थेट जोडलेलीच नसते. संकेत चुंबकत्वाच्या रूपानं आत उतरतो आणि ही फट साधारण १५०० व्होल्ट सोसते. विजेचा दाब त्याहून वर गेला की पोर्ट उडतो.

गंमत अशी की तो बहुधा अर्धाच मरतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्ड धडधाकट दिसतं, कारण चिपची संगणकाकडची बाजू जिवंत असते. तारेकडची बाजू गेलेली असते, म्हणून केबल खोचूनही दिवा लागत नाही. केबल आणि स्विचचा पोर्ट बदलून आधी खात्री करून घ्या.

दिवा लागतो-विझतो असं होत असेल, तर आशा आहे. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोनच पुरतात, पिन १-२ आणि ३-६. वेगाची वाटाघाट याच दोन जोड्यांवर होते. म्हणून दोन्ही टोकं गिगाबिट ठरवतात आणि उरलेल्या जोड्या मुक्या निघाल्या की जोडणी कोसळते. मध्ये एखादा जुना, १०० मेगाबिटचाच स्विच ठेवा. मग वाटाघाट तिथेच थांबते आणि अधू पोर्टही काम करू लागतो.

पूर्ण मेलेल्या पोर्टाला मात्र बायोसमध्ये जाऊन बंद करावं आणि रिकाम्या स्लॉटमध्ये लॅन कार्ड किंवा सरळ यूएसबी-लॅन अडॅप्टर लावावा. यूएसबी २.० ची कमाल ४८० मेगाबिट. रोजच्या कामाला पुरून उरते. जुन्या विंडोजला ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायला नेटच नसतं! तो दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हनं आणावा.

मला खरं नवल इथं वाटतं. इथरनेट १९७३ साली कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी घडवलं. १९८० साली डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स यांनी मिळून त्याचं मानक छापलं. माहितीच्या पाकिटावर पत्ता कुठे लिहायचा, तो ४८ बिटांचा, हे तेव्हा ठरलं ते आजही तसंच आहे. यूएसबी तेव्हा जन्मलीही नव्हती. तरी तेच पाकीट आज तिच्यातून निमूट जातं आणि वरच्या प्रोग्रामांना वाट बदलल्याचा पत्ताही लागत नाही.

फक्त तो ४८ बिटांचा मॅक पत्ता नव्या अडॅप्टरसोबत बदलतो. राउटरमध्ये जुन्या पत्त्यावर आयपी बांधून ठेवलेला असेल, तर तिथं नवा नोंदवा. एखाद्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या पत्त्याला जोडलेलं असेल, तर विक्रेत्याला आधी विचारून घ्या.

आणि दोन शेडमधली केबल बदलायची वेळ आली, तर तांब्याऐवजी फायबर टाका. तांब्याची मजल १०० मीटर; फायबरची कितीतरी पुढे, आणि काचेतून वीज वाहत नाही.