दोन पेन्सिल सेल आणि वरचं आभाळ

रतनगडाहून हरिश्चंद्रगडाकडे निघालो होतो. कात्राबाईच्या खिंडीत धुकं उतरलं, पंधरा पावलांपुढचा माणूस दिसेना, मळलेली वाट गुरांच्या वाटांमध्ये विरून गेली. हातातल्या जीपीएसवर बॅटरीची चारपैकी एकच पट्टी. सेल तर सकाळीच पूर्ण चार्ज करून घातलेले. पट्टी उतरलेली दिसते म्हणून मी ते यंत्र दुपारी बारापासून बंद ठेवलं होतं, आणि वाट चुकली ती नेमकी त्याच तीन तासांत.

मित्राने सेटिंग उघडलं. सेलचा प्रकार ‘अल्कलाइन’ होता आणि आत होते रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड. नवा अल्कलाइन सेल दीड व्होल्ट देतो आणि सावकाश उतरत जातो. रिचार्जेबल सेल जवळजवळ अखेरपर्यंत १.२ व्होल्टच्या आसपास तग धरतो. यंत्राला तो भरलेला सेल बराचसा संपलेला वाटत होता. सेटिंग बदललं आणि पट्ट्या परत आल्या. तेव्हापासून सेल बदलला की मी आधी ते सेटिंग बघतो.

हे यंत्र मुळात फार कमी खातं. गार्मिनच्या ईट्रेक्स ३०एक्ससारखं मॉडेल दोन पेन्सिल सेलांवर सुमारे २५ तास चालतं असं कंपनी सांगते. दोन रिचार्जेबल सेलांत साधारण पाच वॉट-तास ऊर्जा असते, म्हणजे खर्च ताशी फक्त ०.२ वॉट-तास. एवढ्यात भागतं, कारण जीपीएस नुसतं ऐकतं. २०,२०० किलोमीटरवरचे उपग्रह बोलत असतात, आपण काहीच पाठवत नाही. मात्र ते बोलतात फार सावकाश, सेकंदाला अवघे ५० बिट. एका उपग्रहाची कक्षा कळायला अर्धं मिनिट लागतं, सगळ्या उपग्रहांचं पंचांग उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं. म्हणून बराच वेळ बंद ठेवून पुन्हा चालू करण्यात वाटते तेवढी बचत होत नाही. खरी बचत पडद्याचा उजेड कमी करण्यात आणि दर सेकंदाला नोंद घेणं थांबवण्यात आहे.

बोलायची वेळ आली की हिशेब पार बदलतो. इनरीचसारखा सॅटेलाइट मेसेंजर इरिडियमच्या सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांशी बोलतो आणि त्या क्षणी दीड वॉटच्या आसपास शक्ती फेकतो. उपग्रह डोक्यावरून काही मिनिटांत सरकून जातो. मध्ये कडा किंवा दाट झाडी आली तर संदेश अडतो आणि यंत्र पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसतं. मोकळ्या माळावर जितकी बॅटरी टिकते तितकी घळीत टिकत नाही, ती यामुळे. दर दहा मिनिटांनी ठिकाण पाठवलं तर इनरीच मिनी २ चौदा दिवस चालतो, हा कंपनीचा आकडासुद्धा मोकळ्या आभाळाखालचा आहे. इनमारसॅटच्या आयसॅटफोन २ या सॅटेलाइट फोनमध्ये गप्प राहणं आणि बोलणं यांतला फरक उघड दिसतो: नुसता चालू ठेवला तर १६० तास, बोलत राहिलं तर आठ.

पर्सनल लोकेटर बीकनची रचना मला यांत सर्वांत प्रामाणिक वाटते. तो गप्पा मारत नाही, नकाशा दाखवत नाही, वर्षानुवर्षं गप्प पडून असतो. संकटात कळ दाबली की ४०६ मेगाहर्ट्झवर पाच वॉटचा अर्ध्या सेकंदाचा ठोका देतो, सुमारे ५० सेकंद थांबतो, पुन्हा देतो. असं किमान २४ तास, उणे २० अंशांतसुद्धा. सगळी बॅटरी एकाच कामासाठी राखलेली असते. मेसेंजरमध्ये ही राखण आपल्यालाच करावी लागते. घरच्यांना दर दहा मिनिटांनी ठिपका दिसावा म्हणून जी बॅटरी जाते, तीच पाय मोडल्यावर हाक मारायला लागणार असते. मी तर अर्ध्या तासाचा ठिपका पुरे मानतो.

हिमालयात यात थंडीची भर पडते. गारठ्यात अल्कलाइन सेल पार मरगळतो, लिथियमचा पेन्सिल सेल मात्र उणे ४० अंशांपर्यंत काम देतो आणि वजनालाही हलका असतो. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली असताना चार्ज केली तर ती कायमची बिघडू शकते. म्हणून रात्री यंत्र स्लीपिंग बॅगेत, पोटाशी घेऊन झोपायचं आणि सकाळी ते अंगाच्या उबेवर आल्यावरच पॉवर बँकेला लावायचं.

भारतात मात्र परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा मेसेंजर बाळगणं हा गुन्हा आहे. गोव्याच्या विमानतळावर असं यंत्र सापडल्यामुळे परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. अमेरिकेतल्या भाच्याने प्रेमाने पाठवलेला मेसेंजर सह्याद्रीत नेऊ नका.

समुद्रावर जाणाऱ्यांसाठी इस्रोने स्वतंत्र यंत्र केलं आहे, डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर. बोट बुडू लागली, आग लागली की नाखव्याने कळ दाबायची. उपग्रहामार्फत संदेश बंगळूरला पोहोचतो आणि तिथून तटरक्षक दलाकडे जातो. जुन्या यंत्रात हाक फक्त एका दिशेने जायची. पोहोचली की नाही, हे बोटीवर कळायला मार्ग नव्हता. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या यंत्रात ‘नाविक’ उपग्रहांकडून पोच परत येते. त्यासाठी यंत्राला थोडा वेळ ऐकत बसावं लागतं आणि बॅटरीचा तेवढा वाटा त्यात जातो. काळोखात लाटांवर हेलकावणाऱ्या माणसाला आपली हाक पोहोचल्याचं कळतं, त्यासाठी हा खर्च करायलाच हवा.