वॉरंटी संपली तरी मदत मागता येते

जुन्या पोर्शे बॉक्स्टरच्या इंजिनातले इंटरमीडिएट शाफ्टचे बेअरिंग फुटले, की धातूचा चुरा तेलातून फिरतो आणि अख्खे इंजिन निकामी होऊ शकते. वॉरंटी संपलेली असली तरी उत्पादक कधीकधी खर्चाचा वाटा उचलतो. हे ‘गुडविल’ हक्काचे नसते, मागावे लागते. म्हणून इंजिन खोलण्याआधी अधिकृत डीलरकडून निदान करून घ्या, सर्व्हिसच्या सगळ्या पावत्या जोडा, फुटलेला भाग जपून ठेवा आणि किती टक्के खर्च हवा ते लेखी कळवा. नकार आला तर वरिष्ठांकडे दाद मागा. याच बेअरिंगवरून अमेरिकेत २०१३ मध्ये सामूहिक दाव्यात तडजोड झाली आणि २००१ ते २००५च्या ठरावीक गाड्यांच्या पात्र मालकांना भरपाईचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा कागद सांभाळा आणि मागायला संकोचू नका.