कपाटांतलें घड्याळ

आपल्या घरांतील कपाटाचा वरचा खण एकदां स्वस्थपणें उघडून पाहावा. जुनीं पासबुकें, चष्म्याच्या रिकाम्या डब्या आणि मोडकीं फाउंटनपेनें यांच्यामध्यें एखादें बंद पडलेलें मनगटी घड्याळ बहुधा सांपडेलच. तें टाकवत नाहीं आणि वापरतांहि येत नाहीं. नोकरींतून निवृत्त होऊन खारघरास राहावयास आल्यापासून अशीं घड्याळें उघडावीं, धुवावीं आणि पुन्हां चालतीं करावीं असा छंद मला लागला आहे. त्याविषयीं चार शब्द लिहावयाचे, ते एका घड्याळाच्या निमित्तानें.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या वहिनी कैलासवासी दादांचें घड्याळ रुमालांत बांधून घेऊन आल्या. एच्. एम्. टी. चें, रोज चावी द्यावयाचें, अगदीं साधें. नातवाची मुंज माघांत व्हावयाची होती आणि त्या दिवशीं आजोबांचें घड्याळ त्याच्या हातांत बांधावें अशी त्यांची इच्छा. "भावोजी, तेवढें चालतें करून द्या," एवढेंच त्या म्हणाल्या. पुतण्यानें मात्र पुस्ती जोडली, "काका, तबकडीहि नवी रंगवून घेऊं. चाराच्या आंकड्याजवळ केवढा डाग पडला आहे!"

हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्यानें जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानें १९६१ सालीं बंगळूरास घड्याळें करण्यास आरंभ केला. पुढें कित्येक वर्षें पहिली नोकरी, लग्न किंवा परीक्षेंतील यश यांची खूण म्हणून हींच घड्याळें आपल्याकडे मनगटावर येत. २०१६ सालीं केंद्र सरकारनें हा घड्याळांचा उद्योग बंद करण्यास मंजुरी दिली. आतां सुटा भाग हवा असला म्हणजे बहुधा दुसऱ्या मोडक्या घड्याळांतूनच काढावा लागतो. एक जगवावयास दुसरें खर्ची पडतें. म्हणून ज्यास या छंदांत पडावयाचें असेल त्यानें काय दुरुस्त करावें यापेक्षां कशास हात लावूं नये हें आधीं शिकावें.

यंत्राची रचना समजण्यास कठीण नाहीं. चावी दिली म्हणजे एका गोल डबींत पोलादाची मुख्य कमान गुंडाळली जाते. ती उलगडूं पाहते आणि तिचा जोर चक्रांच्या मालिकेंतून शेवटच्या दांतेरी चक्रापर्यंत पोंचतो. तेथें दोन खड्यांचा एक इवलासा आंकडा त्या चक्रास एका वेळीं एकच दांत पुढें सरकूं देतो. या आंकड्यास ताल देणारें एक झुलतें चक्र असतें, व त्या चक्रास मागें फिरविणारी केंसासारखी बारीक कमान. दादांच्या घड्याळांत हें चक्र सेकंदास पांच ठोके देतें, म्हणजे दिवसाकांठीं ४,३२,०००. रोज अर्धें मिनिट चुकलें तरी ती चूक २,८८० त एक एवढीच होय.

आमच्या लहानपणीं वडील माणसें सांगत, कीं घड्याळ समोर बसूनच उघडवावें. नाहीं तर घड्याळजी आंतलीं माणकें काढून घेतो. तीं माणकें खरीं, पण खाणींतलीं नव्हेत. व्हर्नुई नांवाच्या फ्रेंच रसायनज्ञानें कृत्रिम माणीक करण्याची रीत १९०२ सालीं जाहीर केली आणि पुढें घड्याळांत असेच खडे वापरले जाऊं लागले. त्यांची किंमत क्षुल्लक; पण चक्रांचे सुईसारखे आंस त्यांत फिरतात व फारसे झिजत नाहींत. "चावी जास्त झाली म्हणून अडकलें" हाहि तसाच एक समज. पूर्ण चावी देऊनहि घड्याळ चालत नसेल तर बहुधा आंतील तेल वाळून चिकट झालेलें असतें. दर चार-पांच वर्षांनीं घड्याळ ऑईलिंगला देण्याची जुनी चाल शहाणपणाचीच होती.

पहिल्या वर्षीं मीं उतावळेपणानें एक घड्याळ कायमचें गमावलें. चोरबाजारांतून आणलेल्या त्या घड्याळाची मुख्य कमान सैल न करितांच मीं वरची पट्टी काढली. सगळा जोर एकदम सुटला, चक्रें गरगरलीं आणि एका आंसाचें टोंक मोडलें. तेव्हांपासून नियम केला आहे. कमान आधीं सैल करावयाची. प्रत्येक पायरीचें फोनवर छायाचित्र घ्यावयाचें. प्रत्येक पेच निराळ्या वाटींत ठेवावयाचा. तेलाचा थेंब खसखशीच्या दाण्याहूनहि लहान, आणि चक्रांच्या दांतांस तेल मुळींच नाहीं.

दादांच्या घड्याळाचें झांकण काढलें तों चावीच्या दांड्यावर तांबडा गंज व पट्टीवर पाण्याची पुसट रेघ दिसली. खारघरच्या डोंगरावर पाऊस धरला म्हणजे घरांत कपडेहि वाळत नाहींत. अशी दमट हवा घड्याळांस मानवत नाहीं. परंतु ही रेघ हवेची नव्हती. मीं वहिनींस विचारलें.

"सव्वीस जुलैची," त्या म्हणाल्या. २००५ सालच्या त्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आगगाड्या बंद पडल्या होत्या. दादा कुर्ल्याच्या कचेरींतून निघाले ते कमरेइतक्या पाण्यांतून वाट काढीत दुसऱ्या दिवशीं दुपारीं घरीं पोंचले. "मी रात्रभर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलें होतें, आणि यांच्या हातांतलें केव्हांच थांबलेलें. मागाहून दुरुस्त करून आणलें, पण डाग काढूं दिला नाहीं. म्हणत, ही परत आल्याची पावती आहे."

पुतण्या त्या वेळीं शिक्षणासाठीं बाहेरगांवीं होता. त्यास हें कोणीं सांगितलेंच नव्हतें. तबकडीचा विषय त्यानें पुन्हां काढला नाहीं.

जुन्या घड्याळांच्या बाजारांत रंगविलेल्या तबकड्या पुष्कळ फिरतात. लांबून त्या लखलखीत दिसतात. भिंगाखालीं पाहिलें कीं अक्षरें जाड आणि आंकडे किंचित वांकडे असतात. एकदां खरवडलेला रंग परत येत नाहीं. फार जुन्या विलायती घड्याळांविषयीं तर आणखी एक सावधगिरी हवी. अंधारांत चमकणाऱ्या त्यांच्या आंकड्यांत पुष्कळदां रेडियम असे. चमक गेली तरी रेडियम जात नाहीं. त्याचें निम्में होण्यास सुमारें १,६०० वर्षें लागतात. अशी तबकडी घरीं उघडूं नये, खरवडूं नये आणि मुलांच्या हातीं देऊं नये.

दादांच्या घड्याळास मला दोन महिने लागले. चावीचा दांडा दुसऱ्या मोडक्या घड्याळांतला बसविला आणि मुख्य कमान बदलली. बाकी सर्व जुनेंच धुवून, तेल देऊन जागच्या जागीं ठेवलें. केंसकमानीस पूर्वींच किंचित बांक आलेला होता. तो काढण्याचा मोह अनेकदां झाला, पण तें काम माझ्या हाताबाहेरचें आहे हें ओळखून आवरला. काय बदललें आणि काय तसेंच ठेवलें हें एका चिठ्ठीवर लिहून जुने भाग तिच्यासह डबींत घातले. पुढें जो कोणी हें घड्याळ उघडील त्यास खरें काय तें कळावें.

माघांत मुंज झाली. पट्ट्यास दोन जादा भोंकें पाडावीं लागलीं. वहिनींनीं घड्याळ बांधण्यापूर्वीं कानाशीं धरलें, थोडा वेळ ऐकलें, आणि मग नातवाच्या हातांत बांधलें. डाग जेथल्या तेथें आहे. घड्याळ दिवसास सुमारें चाळीस सेकंद मागें पडतें. नातू रोज सकाळीं संध्या झाल्यावर चावी देतो आणि रविवारीं कांटे जुळवून घेतो.

परवां त्यानें मला विचारलें, "आजोबा, हें अगदीं बरोबर केव्हां चालेल?"

"तुझा हात माझ्यापेक्षां स्थिर होईल तेव्हां," मीं सांगितलें. चिमटा अद्यापि त्याच्या हातीं दिलेला नाहीं. सध्यां रविवारीं माझ्याजवळ नुसता पाहावयास बसतो.