आयव्ही आर्म: सुयांपेक्षा ओलाव्यापासून जपा

स्किल लॅबमध्ये सलाईनची सुई लावायला शिकवणारा रबरी हात, आमच्या तोंडी ‘आयव्ही आर्म’, टोचून टोचून खराब होतो असं बहुतेकांना वाटतं. टोचण्यासाठीच तर तो बनवलेला असतो. त्याचं खरं नुकसान होतं सराव संपल्यानंतर.

गैरसमज: रक्त म्हणून टांगलेली लाल पाण्याची पिशवी काढली की काम झालं.

वस्तुस्थिती: कातडीखाली पातळ रबरी नळ्यांच्या शिरा असतात आणि त्यांच्या वळणांत पाणी अडकून राहतं. असाच बंद कपाटात पडून राहिलेल्या एका हाताची शीर मी ब्लेडने उभी चिरून पाहिली. आत काळे ठिपके आणि बुळबुळीत थर होता, वास तर नाक धरायला लावणारा. म्हणून वर्ग सुटला की आधी स्वच्छ पाणी सोडायचं, ते दुसऱ्या टोकाने अगदी नितळ बाहेर येईपर्यंत. मग मोठ्या सिरिंजने हवा ढकलायची आणि दोन्ही टोकं उघडी ठेवून हात टांगून वाळवायचा. हात टांगेपर्यंतच्या कामाला पंधरा मिनिटं पुरतात.

वर्गाआधीची तयारीही अशीच घाईघाईत उरकली जाते. पिशवी हाताच्या वर टांगली, की शिरांतली सगळी हवा बाहेर पडेपर्यंत पाणी वाहू द्यावं आणि मगच खालचा चिमटा लावावा. बुडबुडा राहिला तर विद्यार्थिनीची सुई नेमकी शिरेत जाते, पण मागे रक्त दिसत नाही. आपलं चुकलं असं समजून ती बरोबर लागलेली सुई बाहेर काढते. तिच्या हाताला चुकीची सवय लागते ती अशी, आणि हे मला बुरशीपेक्षाही गंभीर वाटतं.

गैरसमज: खऱ्या रुग्णासारखं बिटाडीन लावूनच सराव करावा.

वस्तुस्थिती: आयोडीनचा तपकिरी डाग या कातडीवरून जात नाही. पुसण्याची पद्धत शिकवायला पाण्यात बुडवलेला बोळा पुरतो. बॉलपेनच्या खुणा आणि वर्तमानपत्राची शाईही अशीच कायमची बसते. कागदात गुंडाळून ठेवलेल्या हातावर मथळ्याची अक्षरं उलटी उमटलेली मी पाहिली आहेत.

गैरसमज: जाड सुईने शिकणं सोपं.

वस्तुस्थिती: आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक. निळी २२ नंबरची कॅन्युला नळीला लहान भोक पाडते, हिरवी १८ बरंच मोठं. माणसाची शीर भरून येते, रबराचं भोक तसंच राहतं. म्हणून टोचायची जागा बदलत राहा. गळती वाढली की कातडी सरकवून शीर बदला. कातडी परत चढवताना साबणाचं पाणी वापरा. तेल किंवा व्हॅसलीन अजिबात नको, त्याने लॅटेक्स फुगतं आणि फाटतं.

सरावाची सुई पुन्हा वॉर्डात जाता कामा नये. ती सरळ पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात टाकायची. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी टोकदार वस्तूंसाठी हाच डबा ठरवला आहे. लॅटेक्सची ॲलर्जी कुणाला आहे का, हेही वर्ग सुरू होण्याआधी विचारून घ्या.

आज सराव झाला असेल, तर घरी निघण्यापूर्वी एकदा तो हात उचलून कानाजवळ हलवा. आत पाणी डुचमळलं, तर त्याला कपाटात ठेवू नका.