हुरड्याची सायंकाळ आणि पाहुण्यांची बैलगाडी

सूर्यास्ताच्या वेळेला मराठीत 'गोरज' असा एक जुना शब्द आहे. चरून परतणाऱ्या गुरांच्या खुरांनी उडालेली धूळ वेशीपाशी तरंगत असते ती ही वेळ. लग्नाच्या मुहूर्तात हा शब्द अद्याप टिकून आहे. परंतु शेतकऱ्याच्या दिनक्रमात त्याचा अर्थ त्याहून साधा होता. काम आटोपले, जू उतरले, बैल दावणीला गेले. गेल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्राच्या पठारी भागात नेमक्या ह्याच वेळी एक नवे काम सुरू झाले आहे. शहरातून आलेल्या पाहुण्यांस गाडीत बसवावयाचे, शेताच्या बांधाबांधाने फिरवून सूर्यास्त दाखवावयाचा, परत आणून आगटीभोवती हुरडा खाऊ घालावयाचा आणि मागाहून पिठले-भाकरीचे जेवण द्यावयाचे. बैल सोडण्याची जी वेळ, तीच आता जुंपण्याची झाली. हा बदल दिसावयास लहान असला, तरी त्याच्या मागे पिकाचे, पशूचे व घरातील श्रमाचे वेळापत्रक कसे हलले आहे, ते पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शेतावर पाहुणे ठेवून त्यांच्याकडून मोबदला घेण्याची कल्पना महाराष्ट्रात सर्वस्वी नवी नव्हे. नेरळजवळच्या सगुणा बागेचा प्रयोग १९८० नंतरच्या दशकातला. पांडुरंग तावरे ह्यांनी २००५ नंतर बारामती परिसरात पळशीवाडी येथून ह्या व्यवसायास संघटित रूप दिले. आणि २०२० साली राज्य शासनाने कृषिपर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. ह्या सर्व इतिहासात शिरण्याचे येथे कारण नाही. आपला विषय त्यातील एका विशिष्ट सायंकाळीपुरता मर्यादित आहे, आणि ती सायंकाळ मुख्यतः पुणे, अहिल्यानगर व सोलापूर ह्या जिल्ह्यांच्या अवर्षणप्रवण पट्ट्यातली आहे. ती तेथलीच का, ह्याचे उत्तर ज्वारीत सापडते.

ह्या पट्ट्यातील रब्बी ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते. पेरणीचा योग्य काळ साधारणपणे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. कणीस निसवून फुलोरा आला म्हणजे दाण्यात प्रथम चीक भरतो, मग तो चीक घट्ट होऊ लागतो, आणि पेरणीपासून नव्वद ते शंभर दिवसांच्या सुमारास दाणा 'हुरड्यावर' येतो. ह्या अवस्थेत दाण्यातील साखरेचे पिष्टात रूपांतर चालू असते, पण पुरे झालेले नसते. म्हणून तो गोड, मऊ व रसदार लागतो. चार दिवस आधी तोडला तर नुसता चीक हाताला लागतो. आठ-दहा दिवस उशीर झाला तर दाणा दातांखाली कडक लागतो व भाजूनही त्यास गोडी येत नाही. म्हणजे एका पेरणीचा हुरडा फार तर आठ-दहा दिवसांचा धनी.

पूर्वी ह्या मर्यादेची अडचण कोणास वाटत नव्हती, कारण हुरडा हा विकावयाचा पदार्थच नव्हता. धान्यासाठी मालदांडी पेरावयाची आणि शेताच्या एका कडेला सुरती, गूळभेंडी किंवा कुचकुचीची दोन-चार तासे हुरड्यासाठी टाकावयाची, अशी रीत होती. ह्या वाणांचा दाणा गोड असतो व चोळताच तुसातून सहज सुटतो. कणसे हुरड्यावर आली की सोयऱ्याधायऱ्यांस, शेजाऱ्यास, क्वचित गावच्या शाळेतील गुरुजींस निरोप जाई. ज्यास हुरड्याला बोलावले त्याने पुढे आपल्या शेतात बोलवावयाचे, एवढाच त्यातला हिशेब. परतफेड होती, पण तिला मुदत नव्हती आणि तिचा भावही ठरलेला नव्हता.

आता हुरड्यास गिऱ्हाईक आले, आणि ते रविवारी येते. डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत प्रत्येक शनिवार-रविवारी पाहुण्यांस कोवळा हुरडा मिळावयाचा असेल, तर एका पेरणीने भागत नाही. शेतकऱ्यास आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरावे लागते. त्यातील पहिले टप्पे पावसाच्या ओलीवर निघतात; पण नोव्हेंबरात टाकलेल्या टप्प्यास जमिनीत ओल उरलेली नसते, त्यास विहिरीचे पाणी द्यावेच लागते. कोरडवाहू म्हणून ज्या पिकाची ख्याती, ते पाहुण्यांसाठी बागायती झाले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा व फुले मधुर, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने परभणी वसंत, हे वाण खास हुरड्यासाठी दिले, ही गोष्टही ह्याच परिवर्तनाची खूण मानावयास हरकत नाही. ज्या पदार्थास पूर्वी बाजार नव्हता, त्याच्यासाठी आज विद्यापीठे वाण निवडतात.

पिकानंतर सूर्याकडे वळू. पुण्याच्या रेखांशावर डिसेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. सोलापुरास त्याहून सात-आठ मिनिटे आधी. आपण उष्ण कटिबंधात असल्यामुळे संधिप्रकाश लांबत नाही. सूर्य बुडाल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांत बांधावरचे बाभळीचे झाड नुसते काळे दिसू लागते. आकाश निरभ्र व हवा कोरडी असल्याने जमीन आपली उष्णता झपाट्याने टाकते, आणि सातच्या आत अंगावर काही घ्यावेसे वाटते. आगटी पेटवावयास ह्याहून योग्य वेळ नाही. जमिनीत खड्डा करून त्यात गोवऱ्या रचावयाच्या, त्यांचा धगधगीत निखारा झाला की कणसे त्यात खोवावयाची, आणि भाजलेले कणीस हातावर किंवा पोत्याच्या तुकड्यावर चोळून गरम दाणे पाखडावयाचे. त्याबरोबर शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही. ह्या खाण्याची सारी गंमत ताजेपणात आहे. कणीस तोडल्यापासून तोंडात पडेपर्यंत जितका वेळ कमी, तितका हुरडा गोड. त्यामुळे हुरडा शहरात नेण्यापेक्षा शहरास हुरड्याकडे आणणे सोयीचे पडले. ह्या व्यवसायाचे मूळ येथे आहे असे मला वाटते. पाहुण्यांच्या संख्येचा प्रश्नही येथूनच उपस्थित होतो.

तो प्रश्न गाडीपाशी येऊन स्पष्ट होतो. आपल्याकडे माणसांची गाडी व मालाची गाडी ह्या पूर्वी निराळ्या असत. माणसांसाठी छकडा, दमणी, विदर्भात रेंगी. ही वाहने हलकी, बहुधा छपराची, दोघाचौघांपुरती. शेणखत, कडबा, धान्याची पोती ह्यांसाठी मोठ्या साटीची जड गाडी. मोटार आल्यावर दमणी आधी नाहीशी झाली, कारण प्रवासी प्रथम मोटारीत गेले. मालाची गाडी त्यानंतर अनेक वर्षे टिकली. परिणाम असा की आज पाहुण्यांस 'पारंपरिक' म्हणून ज्या गाडीत बसवितात, ती बहुधा मालाची गाडी असते. तिच्या साटीवर गादी टाकलेली असते किंवा बाजूंना बाके ठोकलेली असतात, आणि लाकडी चाके व लोखंडी धाव ह्यांच्या जागी पुष्कळदा रबरी टायर असतात. आजीच्या आजीने जिच्यातून माहेरी प्रवास केला ती गाडी हीच, असे पाहुण्यांस वाटते. त्यांच्या समजुतीत बिघाड करण्याचे गाडीवानास कारण नसते.

दुचाकी गाडीचा तोल हा गाडीवानाच्या शास्त्राचा पहिला धडा. भार पुढे झुकला तर गाडी 'धुरजड' होते व जुवाचा दाब बैलांच्या मानेवर येतो. भार मागे गेला तर ती 'उलाळ' होते, जू वर उचलले जाते आणि जुपण्या गळ्यास आवळतात. पोती एकदा नीट रचली की जागची हलत नाहीत. माणसे हलतात. ती गाडीत चढतात मागून, बैल जुंपलेले असताना, एकामागून एक; म्हणजे प्रत्येक फेरीच्या आरंभी गाडी काही क्षण उलाळ होणार हे ठरलेले. मग छायाचित्रासाठी सगळे पुढे सरकतात आणि तीच गाडी धुरजड होते. दहा-बारा माणसांचे वजन सातशे किलोंच्या आसपास भरते. चांगल्या खिल्लार जोडीस सपाट रस्त्यावर हे ओझे फार नाही, उसाच्या हंगामात ह्याहून पुष्कळ अधिक तिच्याकडून ओढविले जाते. अडचण वजनाची कमी व हलत्या वजनाची अधिक आहे. जाणता गाडीवान पाहुण्यांस चढविताना धुऱ्यावर स्वतः उभा राहतो किंवा मागे टेकू लावतो. नवखा तसे करीत नाही.

कायद्याने ह्या बाबतीत फार पूर्वी एक मर्यादा घातलेली आहे. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली ओढकाम करणाऱ्या व ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्रीय नियम झाले. त्यांत जनावराच्या वाहनात गाडीवान व सहा वर्षांखालील मुले वगळून चारांहून अधिक माणसे बसवू नयेत, दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक व विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये, असे सांगितले आहे. हे नियम करताना पर्यटकांची गाडी कोणाच्या मनात असेल असे वाटत नाही. परंतु चारांचा आकडा जुन्या दमणीच्या आकाराशी बरोबर जुळतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता साधा हिशेब करून पाहावा. रविवारी साठ पाहुणे आहेत. चार-चारांच्या पंधरा फेऱ्या होतील. बैलांची चाल तासाला तीन-चार किलोमीटर. दोन किलोमीटरांच्या एका फेरीस चढण्या-उतरण्यासह चाळीस मिनिटे धरू. एका गाडीने पंधरा फेऱ्यांस दहा तास लागतील, आणि सूर्यास्ताचा देखावा अर्ध्या तासाचा. नियमाप्रमाणे चालावयाचे तर साठांपैकी चारच जण गाडीतून सूर्यास्त पाहू शकतात. दोन गाड्या ठेवल्या तर आठ. उरलेल्यांस दुपारच्या उन्हातील गाडी किंवा अंधारातील गाडी. हे टाळण्यासाठी एका गाडीत बारा माणसे बसतात, फेरी अर्ध्या किलोमीटरावर येते, आणि तरीही पुरले नाही तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस फुले बांधून तीच पुढे आणली जाते. सूर्यास्त, बैलगाडी आणि साठ पाहुणे ह्या तीन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. जाहिरातीत मात्र त्या एकाच ओळीत असतात.

जेवणाचा हिशेबही असाच करता येतो. माणशी दोन भाकरी धरल्या तर साठांच्या एकशेवीस होतात. हातावर थापून, तव्यावर टाकून, निखाऱ्यावर शेकून काढावयास एका भाकरीस दोन मिनिटे ही सवयीच्या हाताची गती. म्हणजे एका चुलीवर चार तास. गरम भाकरी ताटात पडावी अशी पाहुण्यांची अपेक्षा असते, त्यामुळे हे काम आधी उरकून ठेवता येत नाही. दोन चुली मांडल्या तरी दोन बायका दिवेलागणीपासून आठ वाजेपर्यंत धुरापुढून हलू शकत नाहीत. त्याच वेळी गोठ्यात दुभत्या जनावरांच्या धारा काढावयाच्या असतात, आणि पूर्वी त्याही ह्याच बायका काढीत. शेतावरच्या फलकावर नाव बहुधा घरधन्याचे असते. सायंकाळच्या उत्पन्नातून चुलीपुढील श्रमाचा वाटा वेगळा काढला जातो की नाही, ही पाहणी आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेण्यासारखी आहे. भाकऱ्या मोजणे हे त्यातले सर्वांत सोपे काम ठरेल.

राहता राहिला बैल. चारशे किलोंच्या आसपास वजनाच्या बैलास दिवसाला आठ ते दहा किलो कोरडी वैरण लागते. जोडीस वर्षाला सहा-सात टन. कोरडवाहू ज्वारीचा कडबा हेक्टरी चार-पाच टन धरला, तर केवळ वैरणीसाठी दीड हेक्टराच्या आसपास ज्वारी पाहिजे. पूर्वी हा खर्च नांगरट, कुळवणी, पेरणी व वाहतूक ह्यांतून फिटत असे. ट्रॅक्टर आल्यावर ही कामे गेली. हुरड्याच्या हंगामातील शनिवार-रविवार मोजले तर ते वीसच्या आसपास भरतात. तेवढ्या दिवसांच्या भाड्यावर वर्षभराची जोडी पोसणे बहुतेकांस परवडत नाही. म्हणून अनेक ठिकाणी बैल हंगामापुरते भाड्याने आणले जातात, किंवा घरची जोडी आठवडाभर दावणीला उभी राहून रविवारी एकदम जुंपली जाते. ह्यातला दुसरा प्रकार बैलास अधिक बाधतो. रोज जुंपलेल्या बैलाचा खांदा कणखर राहतो. बसून राहिलेल्या बैलाचा खांदा मऊ पडतो, आणि अवचित काम पडले की जुवाखाली सोलवटतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांद्यास लोणी-हळद चोळण्याचा जो विधी आहे, त्याच्या मुळाशी हीच काळजी असावी.

ह्यावर ज्यांनी तोड काढली आहे ती मला विशेष उल्लेखनीय वाटते. बैलांस आठवडाभर थोडे काम ठेवावयाचे: आंतरमशागत त्यांच्याकडून करवावयाची, आगटीच्या गोवऱ्या व पाहुण्यांसाठी लागणारे पाणी त्यांनीच वाहावयाचे. हुरड्यासाठी कणसे खुडलेले धाट अजून हिरवे असते, ते कुट्टी करून त्याच जोडीपुढे टाकावयाचे. पाहुण्यांची संख्या आठ-दहांवर ठेवावयाची व दर त्या मानाने वाढवावयाचा. अशा शेतावर पाच वाजता जोडी जुंपली जाते. चौघे पुढच्या बाजूने पायरीवरून साटीवर चढतात, बाकीचे गाडीमागून पायी चालतात आणि अर्ध्या वाटेवर जागा बदलतात. सूर्य टेकतो तेव्हा गाडी बांधाच्या टोकाशी उभी असते. परतीच्या वाटेवर सगळेच पायी येतात, कारण रिकामी गाडी ओढीत बैल घराकडे आपल्या चालीने निघतात, आणि सव्वासहाच्या सुमारास त्यांचे जू उतरलेले असते.